बर्लिनची नाकेबंदी आणि पहिल्या गोळीचा प्रश्न

विचारलेला प्रश्न असा आहे : जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, लोहमार्ग आणि जलमार्ग बंद केले, तेव्हा अणुबाँब एकट्या अमेरिकेकडे असूनही तिने सैन्य घालून रस्ता का मोकळा केला नाही, आणि दुसरीकडे, अमेरिका व ब्रिटनची मालवाहू विमाने जवळजवळ अकरा महिने सोव्हिएत फौजांच्या डोक्यावरून ये-जा करत असताना त्यांतले एकही का पाडले गेले नाही? ‘दोघांनाही युद्ध नको होते’ हे नेहमीचे उत्तर खोटे नाही, पण त्याने उलगडा काहीच होत नाही. माझ्या मते दोन्ही बाजूंची सारी धडपड पहिली गोळी झाडण्याची वेळ समोरच्यावर यावी यासाठी चालली होती, आणि बर्लिनचा हवाई मार्ग करारात लिहिलेला होता पण जमिनीवरचा रस्ता लिहिलेला नव्हता, या एका गोष्टीने पुढचे बरेचसे ठरवले. माझी सारी नोकरी हवाई दलाच्या मालवाहतुकीत झाली असल्यामुळे विमानांचे गणित मी जरा सविस्तर मांडणार आहे. राजकारणाचा भाग बहुतेक वाचकांना ठाऊक असतो. रसदीचा भाग मात्र चॉकलेटे टाकणाऱ्या वैमानिकाच्या गोष्टीपलीकडे फारसा कोणी सांगत नाही.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणावा. जर्मनीचे विभाग कसे पाडायचे हे मित्रराष्ट्रांनी युद्ध संपण्यापूर्वीच, सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनला ठरवले होते. त्यात बर्लिन वेगळे काढून त्याचेही भाग पाडले गेले. परंतु हे शहर सोव्हिएत विभागाच्या सीमेपासून सुमारे १६० किलोमीटर आत होते. अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच भागांत मिळून वीस लाखांहून अधिक माणसे राहत होती आणि त्यांचे धान्य, कोळसा, दूध, सारे काही बाहेरून येत होते. एवढ्या लोकवस्तीकडे जाण्याचा हक्क कोणत्या कागदावर लिहिला होता, असे विचारले तर उत्तर धक्कादायक आहे : जमिनीवरच्या मार्गांपुरता तो कोणत्याही करारात नव्हता. २९ जून १९४५ रोजी अमेरिकेचे जनरल लुशस क्ले आणि ब्रिटनचे जनरल वीक्स सोव्हिएत मार्शल झुकोव्ह यांना बर्लिनमध्ये भेटले, तेव्हा एक महामार्ग आणि एक लोहमार्ग वापरण्याचे तोंडी ठरले. युद्ध नुकतेच जिंकलेले होते, सर्वत्र सहकार्याचे वातावरण होते. शिवाय आज एकच रस्ता कागदावर घेतला तर उद्या तेवढ्यावरच भागवावे लागेल, या विचाराने क्ले यांनी लेखीचा आग्रह धरला नाही. पुढे त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला.

आकाशाची गोष्ट वेगळी झाली. विमाने एकमेकांवर आदळू नयेत म्हणून नियम लागतात आणि नियम म्हटले की ते लिहावेच लागतात. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चारही राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने हँबुर्ग, हॅनोव्हर आणि फ्रँकफुर्ट या दिशांकडून बर्लिनकडे येणाऱ्या तीन हवाई मार्गिका मंजूर केल्या. प्रत्येकीची रुंदी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर होती. त्यासाठी बर्लिन हवाई सुरक्षा केंद्र स्थापन झाले आणि तिथे चारही देशांचे अधिकारी एकत्र बसून कोणते विमान केव्हा येणार याच्या नोंदी ठेवू लागले. सोव्हिएत प्रतिनिधींनी ही व्यवस्था फारशी खळखळ न करता मान्य केली, कारण त्या काळी विमानाने अधिकारी, टपाल आणि फार तर थोडी औषधे येणार अशीच कल्पना होती. एक अख्खे शहर या वाटेने जगवता येईल असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते, खुद्द अमेरिकनांनाही नाही.

मधल्या तीन वर्षांत दोस्तीचे वैर कसे झाले ते थोडक्यात सांगतो. मार्च १९४७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत जाहीर केली, जूनमध्ये युरोपच्या आर्थिक उभारणीसाठी अमेरिकन मदतीच्या मार्शल योजनेची कल्पना मांडली गेली, सप्टेंबरमध्ये सोव्हिएत बाजूने कॉमिनफॉर्म ही युरोपातल्या कम्युनिस्ट पक्षांची संघटना उभी केली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली. त्याच सुमारास लंडनमध्ये पश्चिमी राष्ट्रे जर्मनीच्या आपल्या विभागांचे एक राज्य करण्याच्या वाटाघाटी करत होती. ही खबर मॉस्कोला होतीच. २० मार्च १९४८ रोजी जर्मनीतले सोव्हिएत सेनापती मार्शल सोकोलोव्हस्की नियंत्रण मंडळाच्या बैठकीतून उठून गेले आणि चौघांच्या संयुक्त कारभाराचा शेवट झाला.

ठिणगी पडली ती चलनावरून. नाझी काळातले राइखमार्क कागदाच्या किमतीचेही उरले नव्हते. बाजारात सिगारेटच्या पाकिटावर खरेदी-विक्री चालत असे. १८ जून १९४८ रोजी पश्चिमी राष्ट्रांनी आपल्या विभागांसाठी नवा मार्क जाहीर केला आणि २० जूनपासून माणशी ४० मार्क वाटायला सुरुवात केली. बाद झालेल्या जुन्या नोटा आता सोव्हिएत विभागात लोटतील, हे उघड होते. २३ जूनला सोव्हिएत प्रशासनाने स्वतःचे चलन काढले, तेही घाईघाईत, जुन्याच नोटांवर चिकटपट्टीसारखी कुपने लावून, आणि ते संपूर्ण बर्लिनला लागू असल्याचा आदेश दिला. पश्चिमी सेनापतींनी आपल्या भागांत ‘बी’ अक्षराचा शिक्का मारलेले नवे मार्क आणले. ज्याचे चलन त्याचे राज्य, हे दोघेही जाणत होते. दुसऱ्या दिवशी, २४ जूनला, नाकेबंदी पूर्ण झाली.

ती कशी केली गेली हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सोव्हिएत सरकारने युद्धाची धमकी दिली नाही, ‘शहर सोडा’ असा खलिताही पाठवला नाही. लोहमार्गावर ‘तांत्रिक अडचणी’ आल्या, एल्बे नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला, पूर्वेकडच्या वीजकेंद्रांतून पश्चिम बर्लिनला मिळणारी वीज तुटली. गडाला वेढा घालून रसद तोडणे आपल्याला नवे नाही. फरक इतकाच की इथे वेढा घालणारा ‘वेढा नाहीच, वाट नादुरुस्त आहे’ असे म्हणत होता. त्यामुळे पुढची चाल पश्चिमेने खेळायची, आणि ती बळाची असेल तर आक्रमक म्हणून नाव पश्चिमेचे होणार, अशी ही मांडणी होती. स्टालिन यांना शहर हवे होते की पश्चिम जर्मन राज्याची योजना थांबवायची होती, यावर अभ्यासकांत वाद आहे. दोन्हींपैकी जे पदरात पडेल ते त्यांना चालले असते, असे माझे मत आहे.

क्ले यांना सशस्त्र ताफा पाठवायचा होता. सैनिकांसह पूल बांधणारी पथके घेऊन महामार्गाने बर्लिनपर्यंत जायचे; सोव्हिएत फौज गोळी झाडणार नाही, याची त्यांना खात्री होती. वॉशिंग्टनमधील सेनाप्रमुखांनी हा बेत मोडीत काढला. सैनिकी दृष्टीने पाहिले तर ते बरोबर होते, आणि त्याचे कारण केवळ संख्याबळ नव्हते. समजा ताफा निघाला आणि पुढच्या पुलाच्या फळ्या काढून ठेवलेल्या निघाल्या. तो दुरुस्त केला, तर मागचा पूल बंद झाला. सोव्हिएत अधिकाऱ्याला बंदुकीला हात लावण्याची गरजच पडली नसती. गोळी झाडून पुढे जायचे की तोंड काळे करून परत फिरायचे, हा निर्णय ताफ्याच्या प्रमुखावर येऊन पडला असता. मान्य केलेला रस्ता लेखी नसल्यामुळे ‘तुम्ही करार मोडलात’ असे ठासून म्हणण्याचीही सोय नव्हती. अणुबाँबचा धाकही वाटतो तेवढा नव्हता. जुलैमध्ये बी-२९ जातीची बाँबफेकी विमाने ब्रिटनला पाठवून त्यांचा गाजावाजा करण्यात आला, पण ती विमाने अणुबाँब वाहून नेण्यासाठी सज्ज केलेली नव्हती. शिवाय रस्त्यावरच्या फाटकासाठी अणुबाँब टाकतो असे कोणी म्हटले, तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार?

ट्रुमन यांनी बर्लिन सोडायचे नाही एवढेच पक्के केले. राहायचे कसे, हे मात्र ठरलेले नव्हते. विमानांचा विचार झाला तो वेळ काढण्यासाठी. शहरात धान्य सुमारे ३६ दिवसांचे आणि कोळसा ४५ दिवसांचा होता. २६ जूनला अमेरिकेच्या डकोटा विमानांनी ३२ फेऱ्यांत ८० टन माल उतरवला. गरज किती होती? पश्चिम बर्लिनच्या अन्नाची रोजची यादी उपलब्ध आहे : पीठ आणि गहू ६४६ टन, इतर धान्य १२५, स्निग्ध पदार्थ ६४, मांस-मासळी १०९, सुकवलेले बटाटे १८०, साखर १८०, सुक्या भाज्या १४४, मीठ ३८, दुधाची भुकटी १९, कॉफी ११, चीज १०, लहान मुलांसाठी ताजे दूध ५ आणि पावासाठी यीस्ट ३ टन. एकूण १,५३४ टन. ही यादी ज्याने केली त्याला मी मनोमन दाद देतो; यीस्टचे तीन टन त्यात आठवणीने घातलेले आहेत, कारण ते नसते तर सहाशे टन पीठ असून नसल्यासारखेच होते. यात कोळसा आणि इंधन मिळवले की किमान गरज रोज ४,५०० टनांच्या घरात जाते.

आता साधा हिशेब करू. डकोटा साधारण तीन टन नेते. म्हणजे रोज दीड हजार फेऱ्या लागणार. दिवसाची मिनिटे १,४४०. प्रत्येक मिनिटाला एकापेक्षा जास्त विमान, रात्रंदिवस, पावसात आणि धुक्यात, असा त्याचा अर्थ होतो, आणि सुरुवातीला धावपट्ट्या होत्या दोनच ठिकाणी, अमेरिकन भागात टेंपेलहोफला आणि ब्रिटिश भागात गाटोला. हे जमणारे नव्हते. चार इंजिनांचे सी-५४ स्कायमास्टर मात्र दहा टन उचलते. मग फेऱ्या साडेचारशेवर येतात. एका धावपट्टीवर दर तीन मिनिटांनी एक विमान उतरवले तर दिवसात ४८० विमाने उतरतात. कागदावर हे गणित सुटते. प्रत्यक्षात ते सोडवायचे तर दर तीन मिनिटांचा ठोका एकदाही चुकता कामा नये.

सोव्हिएत सेनानींचा हवाई रसदीवर विश्वास नव्हता, याचे कारण त्यांनी स्वतः पाहिले होते. १९४२-४३ च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडला वेढलेल्या जर्मन सहाव्या सैन्याला विमानांनी रसद पुरवण्याचे वचन जर्मन हवाई दलाचे प्रमुख गोअरिंग यांनी दिले होते. किमान गरज रोज ३०० टनांची, आणि प्रत्यक्षात पोचले सरासरी शंभराच्या आसपास. अडीच लाखांच्या फौजेला शंभर टन मिळाले तर वीस लाखांच्या शहराला काय मिळणार? थंडी पडली की बर्लिनकर आपोआप शरण येतील, असा त्यांचा अंदाज असेल तर तो मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. माझ्या दृष्टीने विमाने सुरुवातीला न पाडण्यामागचे हे पहिले आणि सरळ कारण आहे : जो उद्योग आपणच कोसळणार आहे, त्याच्यासाठी युद्धाचा धोका कशाला पत्करायचा?

तो कोसळला नाही याचे मोठे श्रेय जनरल विल्यम टनर यांना जाते, आणि इथे आपल्याकडच्या इतिहासाशी एक खरा दुवा आहे. दुसऱ्या महायुद्धात आसाममधल्या विमानतळांवरून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनमध्ये कुनमिंगला जी रसद जात होती, तिची सूत्रे अखेरच्या टप्प्यात याच टनर यांच्याकडे होती. आसामच्या पावसात आणि ढगांत शिकलेले धडे त्यांनी जुलै १९४८ च्या अखेरीस जर्मनीत आणले. त्यांचे म्हणणे असे की हवाई रसदीत शौर्याला जागा नसावी. काम जितके रटाळ तितके यशस्वी. प्रत्येक मालवाहतूक अधिकारी याच्याशी सहमत होईल. वैमानिकांना मात्र हे ऐकायला आवडत नाही.

१३ ऑगस्ट १९४८, शुक्रवार. बर्लिनवर ढग इतके खाली आले होते की टेंपेलहोफभोवतालच्या इमारतींचे माथेही दिसेनात. हा विमानतळ शहराच्या मध्यावर, उंच सदनिकांच्या रांगांमध्ये होता. तिथे विमान तीव्र उतारानेच आणावे लागे. एक स्कायमास्टर धावपट्टी संपल्यावरही न थांबता पुढच्या खड्ड्यात जाऊन पेटले, सुदैवाने माणसे वाचली. मागच्याने त्याला टाळण्यासाठी जोरात ब्रेक दाबले आणि त्याची चाके फुटली. तिसरे चुकून अजून पूर्ण न झालेल्या पट्टीवर उतरले आणि गरकन फिरले. वर आकाशात एकावर एक थर लावल्याप्रमाणे विमाने घिरट्या घालू लागली, त्यांतल्याच एकात टनर स्वतः होते. त्यांनी वरूनच नियंत्रण कक्षाला आदेश दिला की आपले विमान सोडून बाकी सगळी माघारी पाठवा.

त्या दिवसानंतर जो नियम झाला तो या साऱ्या मोहिमेचा कणा आहे, असे मी मानतो. उतरण्याचा प्रयत्न एकदाच करायचा. जमला तर ठीक. नाही जमला तर दुसरी घिरटी नाही, मालासह मधल्या मार्गिकेने सरळ तळावर परत. एका विमानाचे दहा टन वाया गेले तरी चालतील, पण मागच्यांचा क्रम मोडता कामा नये. उत्तर आणि दक्षिणेच्या मार्गिका येण्यासाठी, मधली जाण्यासाठी, म्हणजे समोरासमोर कोणी यायचेच नाही. सगळी विमाने एकाच वेगाने, ठरलेल्या उंचीवर. म्हणूनच अमेरिकनांनी हळू चालणाऱ्या डकोटा लवकरच बाजूला काढल्या आणि अलास्का, हवाई, पनामा असे जगभरातून दोनशेहून अधिक स्कायमास्टर गोळा केले. बर्लिनला उतरल्यावर वैमानिकांनी विमानाजवळून हलायचे नाही. खाण्याची गाडी, हवामानाची माहिती देणारा आणि परतीची कागदपत्रे सारे तिथेच येणार. खराब हवेत जमिनीवरचा रडार अधिकारी वैमानिकाला शब्दाशब्दाने खाली आणत असे.

मालाच्या बाबतीतही डोके लावलेले दिसते. बटाटे सुकवून, मांस हाडे काढून पाठवले, कारण पाणी आणि हाडे आकाशातून वाहून नेणे परवडत नव्हते. मिठाने विमानाचा धातू आणि तारा गंजतात. म्हणून उन्हाळ्यात आणि शरदात मीठ ब्रिटिशांच्या संडरलँड या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनी हाफेल तलावात आणले. समुद्राच्या पाण्यासाठी बांधलेल्या त्या विमानांना मिठाचे भय नव्हते. एकूण मालापैकी सुमारे दोन-तृतीयांश कोळसाच होता. तो पोत्यांत भरत, तरी त्याची भुकटी फटीफटींत जाऊन यंत्रणा खराब करीत असे, आणि हे दुखणे शेवटपर्यंत पुरते बरे झाले नाही. फ्रेंच भागात टेगेलला तिसरा विमानतळ उभारायचा ठरला, तेव्हा अवजड यंत्रे विमानात मावेनात; ती कापून तुकड्यांनी आणली आणि बर्लिनमध्ये पुन्हा जोडली. बाँबहल्ल्यांत पडलेल्या घरांचा राडारोडा धावपट्टीखाली घालण्यासाठी हजारो बर्लिनकर, त्यांत बायका मोठ्या संख्येने, पाळ्यांमध्ये राबले. सुमारे तीन महिन्यांत पट्टी तयार झाली.

नोव्हेंबर-डिसेंबरचे धुके मात्र जीवघेणे ठरू पाहत होते. कोळशाचा साठा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरला, घरांत वीज दिवसातून काही तासच मिळे. त्या वर्षी थंडी तुलनेने सौम्य पडली, ही नशिबाची साथ. १९४६-४७ सारखा हिवाळा असता तर हे सारे नियोजन पुरले असते का, याची मला शंका आहे.

आता विमाने पुढेही का पाडली नाहीत, याकडे येतो. इथे कागदाचे महत्त्व दिसते. सोव्हिएत प्रतिनिधी नियंत्रण मंडळातून उठून गेले, शहराच्या संयुक्त कमांडमधूनही बाहेर पडले. पण हवाई सुरक्षा केंद्रातली आपली खुर्ची त्यांनी सोडली नाही. नाकेबंदीच्या काळातही त्यांचा अधिकारी तिथे बसून उड्डाणांच्या नोंदी घेत होता. मार्गिकांवर त्यांची स्वाक्षरी होती. त्यांतून जाणारे निःशस्त्र, नोंदवलेले, पिठाने भरलेले विमान पाडणे म्हणजे सही केलेला करार उघडपणे मोडून पहिली गोळी झाडणे. ‘वाट नादुरुस्त आहे’ असे म्हणायला आकाशात पूल नसतो. त्रास देण्यात मात्र त्यांनी कसर ठेवली नाही : लढाऊ विमाने अगदी जवळून नेणे, रात्री वैमानिकांच्या डोळ्यांवर झोत टाकणे, मार्गिकांमध्ये तोफांचा सराव करणे. अशा सातशेहून अधिक घटनांची नोंद आहे. त्यांचा हेतू भिववण्याचा होता, पाडण्याचा नव्हता.

या मर्यादेचे भान त्यांना आधीच आले होते. ५ एप्रिल १९४८ रोजी, नाकेबंदीच्या आधीच्या कटकटींच्या काळात, गाटोला उतरू पाहणाऱ्या एका ब्रिटिश प्रवासी विमानावर कसरती करणारे सोव्हिएत याक विमान आदळले. दोन्ही विमानांतली सारी माणसे, एकूण पंधरा, मरण पावली. ब्रिटिशांनी ताबडतोब प्रवासी विमानांना लढाऊ विमानांचे संरक्षण देण्याचे फर्मान काढले, आणि सोकोलोव्हस्की यांनी मार्गिकांमध्ये हस्तक्षेप करण्याचा इरादा नसल्याचे सांगितल्यावर ते मागे घेतले. नंतर दोष ब्रिटिशांवरच ढकलला गेला, पण वाटेत अडथळा आणला तर सशस्त्र विमाने येतील, हे उत्तर सोव्हिएत बाजूला मिळाले होते. आकाशातून रसद सुरू झाल्यावर अशा रीतीने पेच उलटला. जमिनीवर पश्चिमेला गोळी झाडावी लागली असती. आकाशात ती सोव्हिएत बाजूला झाडावी लागणार होती.

एवढ्यावरून सारे यश विमानांचेच, असे मानणे एकांगी होईल. ही नाकेबंदी हवाबंद नव्हती. पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली ये-जा चालू होती. लोक भुयारी रेल्वेने पलीकडे जात, भोवतालच्या खेड्यांतून बटाटे-भाजी आणत, काळा बाजार तेजीत होता. सोव्हिएत प्रशासनाने तर पूर्व भागात नाव नोंदवणाऱ्या पश्चिमेच्या रहिवाशांना शिधा देऊ केला. बहुसंख्यांनी तो घेतला नाही, आणि हा निर्णय मला टनांच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याची मुळे आधीची आहेत. एप्रिल १९४६ मध्ये सोव्हिएत विभागात समाजवादी लोकशाही पक्षाला कम्युनिस्ट पक्षात जबरदस्तीने विलीन करण्यात आले, तरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साऱ्या बर्लिनमध्ये झालेल्या निवडणुकीत स्वतंत्र राहिलेल्या समाजवादी लोकशाहीवाद्यांना ४८ टक्क्यांहून अधिक आणि विलीन झालेल्या पक्षाला जेमतेम २० टक्के मते पडली. पुढे महापौर म्हणून निवडलेले एर्न्स्ट रॉयटर हे एकेकाळी स्वतः कम्युनिस्ट होते, क्रांतीनंतर व्होल्गाकाठच्या जर्मनांत त्यांनी सोव्हिएत सत्तेसाठी काम केलेले होते. सोव्हिएत प्रशासनाने त्यांना पदावर बसू दिले नाही. ९ सप्टेंबर १९४८ रोजी राइखस्टागच्या, म्हणजे जुन्या जर्मन संसदेच्या, भग्न इमारतीसमोर सुमारे तीन लाख लोक जमले, तेव्हा या शहराकडे पाहा, असे आवाहन रॉयटर यांनी जगातल्या जनतेला केले. तीन वर्षांपूर्वी ज्या शहरावर बाँब टाकले तेच जगवण्यासाठी अमेरिकन मतदारांनी पैसा का द्यावा, या प्रश्नाचे उत्तर त्या गर्दीने दिले.

सोव्हिएत बाजूलाही झळ लागत होती. पश्चिमी राष्ट्रांनी प्रतिनाकेबंदी करून पश्चिमेकडच्या रूर या औद्योगिक प्रदेशातले पोलाद आणि दगडी कोळसा सोव्हिएत विभागात जाणे थांबवले, आणि तिथले कारखाने अडखळू लागले. ज्यासाठी हे सारे आरंभले ती पश्चिम जर्मन राज्याची तयारी तर थांबली नाहीच, उलट नाटो करार जवळ आला. १९४९ च्या जानेवारीअखेर स्टालिन यांनी एका अमेरिकन पत्रकाराच्या लेखी प्रश्नांना उत्तरे दिली. त्यांत नाकेबंदी उठवण्याच्या अटी होत्या, पण चलनाचा उल्लेखच नव्हता. वॉशिंग्टनमध्ये कोणाच्या तरी हे बरोबर नजरेत भरले. फेब्रुवारीच्या मध्यावर संयुक्त राष्ट्रसंघातले अमेरिकन प्रतिनिधी फिलिप जेसप यांनी सोव्हिएत प्रतिनिधी याकोव्ह मलिक यांना गप्पांच्या ओघात विचारले की हा उल्लेख राहून गेला की मुद्दाम टाळला? मलिक म्हणाले, मला कल्पना नाही. महिन्याभराने त्यांनी कळवले की ते अनवधानाने घडलेले नाही. चलनाच्या नावाखाली सुरू झालेली कोंडी चलनाबद्दल गप्प राहून सोडवली गेली. आपण हरलो असे कोणालाही उघड म्हणावे लागले नाही. १६ एप्रिल १९४९ ला टनर यांच्या माणसांनी एका दिवसात १,३९८ फेऱ्यांत जवळजवळ १३,००० टन माल उतरवून दाखवला होता. त्यानंतर हिवाळ्याची वाट पाहण्यात अर्थ उरला नव्हता. १२ मे १९४९ रोजी रस्ते उघडले. सावधगिरी म्हणून विमाने ३० सप्टेंबरपर्यंत चालू ठेवली आणि शहरात साठा करून घेतला. एकूण सुमारे २३ लाख टन माल, पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या, आणि अपघातांत गेलेली शंभरावर माणसे. जवळजवळ त्याच सुमारास पश्चिम जर्मनीची राज्यघटना अमलात आली, आणि ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनीचे राज्य जाहीर झाले.

हेच गणित पुढेही दिसते. ऑक्टोबर १९६१ मध्ये, पूर्व आणि पश्चिम बर्लिनमध्ये भिंत उभी राहिल्यानंतर दोन महिन्यांनी, पूर्व बर्लिनमध्ये ऑपेराला निघालेल्या एका वरिष्ठ अमेरिकन मुत्सद्द्याकडे पूर्व जर्मन पहारेकऱ्यांनी पारपत्र मागितले. त्याने नकार दिला, कारण चौघांच्या करारानुसार तो हक्क फक्त सोव्हिएत अधिकाऱ्यांचा, अशी अमेरिकेची भूमिका होती. केनेडी यांचे प्रतिनिधी म्हणून तेव्हा बर्लिनमध्ये परत आलेले क्ले यांनी रणगाडे आणून उभे केले. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून सुमारे सोळा तास दोन्हीकडचे रणगाडे चेकपॉइंट चार्ली या सीमेवरच्या नाक्यापाशी समोरासमोर राहिले. पडद्यामागून निरोप गेल्यावर आधी एक सोव्हिएत रणगाडा काही मीटर मागे सरकला, मग एक अमेरिकन, आणि असे एकेक करत सारे हटले. एका वर्षाने, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेच पडला तेव्हा, भूमिका बदलल्या : सागरी नाकेबंदी अमेरिकेने केली, तीही ‘क्वारंटाइन’ या नावाने, आणि गोळीचा निर्णय सोव्हिएत जहाजांच्या कप्तानांवर टाकला. केनेडी यांच्या सल्लागारांच्या बैठकांत त्या दिवसांत बर्लिनचे नाव वारंवार येत होते, कारण क्यूबातल्या कोणत्याही चालीला ख्रुश्चेव्ह तिथे उत्तर देतील अशी धास्ती होती.

बर्लिनकडे जाणारा जमिनीवरचा रस्ता निःसंदिग्ध शब्दांत कागदावर आला तो ३ सप्टेंबर १९७१ च्या चार राष्ट्रांच्या करारात, म्हणजे क्ले आणि झुकोव्ह यांच्या भेटीनंतर सव्वीस वर्षांनी. पूर्व जर्मनीतून पश्चिम बर्लिनला जाणारी नागरी वाहतूक अडवली जाणार नाही, अशी हमी त्यात सोव्हिएत सरकारने दिली, आणि रस्त्यांचे तपशील दोन्ही जर्मन सरकारांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वेगळा करार करून ठरवले. तीन हवाई मार्गिकांचे नियम मात्र १९४५ सालचेच राहिले. जर्मनीचे एकीकरण होईपर्यंत, १९९० पर्यंत, त्यांतून अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच विमानेच जात होती, आणि हवाई सुरक्षा केंद्रात सोव्हिएत अधिकारी रोज त्यांच्या नोंदी करत होता.